लाईव्ह अल्बम ऐकला म्हणजे लाईव्ह ऐकलं असं होत नाही रे बाबांनो

परवा पुन्हा तेच. एक पोरगं भेटलं, अंगात आयर्न मेडन या ब्रिटिश मेटल बँडच्या एडीचा, म्हणजे त्यांच्या त्या भुताचा, टीशर्ट, म्हणे, "दादा, मी मेडन स्टुडिओपेक्षा लाईव्हच जास्त ऐकतो." मी खूश, विचारलं कुठे ऐकलंस? तर म्हणे 'रॉक इन रिओ', म्हणजे मेडनचा लाईव्ह अल्बम. अरे तो शो 19 जानेवारी 2001 चा, अडीच लाखाच्या आसपास पब्लिक, तू तेव्हा पाळण्यात तरी होतास का? तर नाही, हेडफोनवर ऐकलाय. म्हणजे अल्बम ऐकलाय. मग सरळ अल्बम म्हण ना.

हा घोळ गेली पंधराएक वर्षं ऐकतोय आणि आता डोकं उठलंय. लोक "स्टुडिओ भारी की लाईव्ह भारी" म्हणून तासन्‌तास भांडतात आणि दोन्ही बाजूंच्या हातात असते ती रेकॉर्डच. एकाची बंद खोलीत केलेली, दुसऱ्याची मैदानात, पण रेकॉर्डच. खरा लाईव्ह या भांडणात येतच नाही.

स्टुडिओ अल्बमबद्दल फार बोलत नाही, तो तुम्हाला पाठच असेल. लाईव्हमध्ये गाणी थोडी पळतात, सोलो जरा इकडेतिकडे होतात, गायक ब्रूस मधेच ओरडतो, हे सगळं कुणालाही कळतं. एकच सांगतो, की "स्टुडिओ म्हणजे तुकडे चिकटवलेले आणि लाईव्ह म्हणजे सलग" हे मेडनच्या बाबतीत तरी चालत नाही. 2000 साली ब्रूस आणि गिटारवाला एड्रियन बँडमध्ये परत आल्यावरचा पहिला अल्बम आला, तेव्हापासून ही मंडळी स्टुडिओत एकत्र उभी राहून वाजवतात आणि रेकॉर्ड करतात. 2006 चा 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ' तर बासवाल्या स्टीव्ह हॅरिसने मास्टरिंगसुद्धा, म्हणजे आवाजाचं शेवटचं पॉलिशसुद्धा, न करता तसाच सोडला. आणि ज्याला तुम्ही सलग समजता त्या लाईव्ह अल्बमचं काय असतं ते आता बघा.

1 फेब्रुवारी 2008, बीकेसी, एमएमआरडीएचं मैदान. मेडनच्या 'समव्हेअर बॅक इन टाइम' टूरचा जगातला पहिला शो मुंबईत झाला, मागे 'पॉवरस्लेव्ह' या जुन्या अल्बमच्या काळाची आठवण करून देणारा इजिप्तचा सेट, आणि बँड आला तोच एड फोर्स वनमधून, म्हणजे ते बोईंग 757, जे ब्रूस स्वतः उडवायचा. मी तिथे होतो. 'एसेस हाय' गाण्याआधी टेपवर लावतात ते चर्चिलचं भाषण सुरू झालं आणि शेजारच्या अनोळखी माणसाने माझा खांदा असा काही दाबला की दुसऱ्या दिवशी दुखत होता, मग 'एसेस हाय' आणि पुढचं एक मिनिट मला खरंच नीट आठवत नाही.

पुढच्या वर्षी 'फ्लाइट 666' आला, फिल्म आणि सोबत लाईव्ह अल्बम. पहिलंच गाणं 'एसेस हाय', मुंबई! आपला शो! अंगावर काटा वगैरे सगळं झालं. आणि गाणं संपल्यावर पुढचं 'टू मिनिट्स टू मिडनाइट', ते मेलबर्नचं. मग 'रेव्हलेशन्स' सिडनीचं, 'द ट्रूपर' टोकियोचं, 'फिअर ऑफ द डार्क' ब्युनोस आयरेसचं, आणि शेवटचं 'हॅलोड बी दाय नेम' टोरोंटोचं. सोळा गाणी, सोळा शहरं, दीड महिन्याचा प्रवास. हा जो कॉन्सर्ट तुम्ही सलग ऐकता तो पृथ्वीवर कुठल्याच संध्याकाळी झालेला नाही. मुंबईत ते 'टू मिनिट्स टू मिडनाइट' वाजलंच की, आम्ही ओरडून गायलंसुद्धा, पण अल्बममध्ये मुंबई पाच मिनिटांत संपते.

मेडनने पहिल्यांदाच असं केलं असंही नाही. 'लाईव्ह आफ्टर डेथ', ज्याची लोक देवघरात ठेवल्यासारखी पूजा करतात (मीही करतो), त्याच्या पहिल्या तीन बाजू मार्च 1985 च्या, कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या, आणि चौथी बाजू त्याच्या पाच महिने आधीची, लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमधली. आणि ही मंडळी तशी सज्जन. जुडास प्रीस्ट या दुसऱ्या मेटल बँडच्या 1979 च्या टोकियोच्या 'अनलीश्ड इन द ईस्ट' या लाईव्ह अल्बमला लोक चेष्टेने काय म्हणायचे माहितीये ना, 'अनलीश्ड इन द स्टुडिओ', कारण त्यांचा गायक हॅलफर्डने आवाज नंतर स्टुडिओत जाऊन पुन्हा गायला होता. माझा तोही अल्बम अतिशय लाडका आहे. अल्बम म्हणून.

आता आवाज. खरी गंमत इथे आहे आणि इथेच सगळे फसतात. लाईव्ह अल्बममध्ये तुम्ही उभे कुठे असता? कुठेच नाही. ब्रूसच्या तोंडासमोरचा माईक, ड्रमर निकोच्या ड्रम्सवरचे माईक, तिन्ही गिटारी, पब्लिकवरचे माईक, सगळं वेगवेगळं टिपलेलं, मग निवांत बसून जुळवलेलं. असा कान कुणालाच नसतो. मैदानात आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर चालतो, म्हणजे स्टेजपासून शंभर मीटर मागे उभा असलेला माणूस पुढच्यापेक्षा जवळजवळ एक तृतीयांश सेकंद उशिरा ऐकतो आणि तितक्याच उशिरा टाळी वाजवतो. त्यामुळे मैदानातलं ते सामूहिक गाणं लाटेसारखं येतं, पुढून मागे, आणि मागचे लोक बेताल नसतात, ते त्यांच्या जागी बरोबर तालात असतात. अल्बममध्ये ही लाट सरकवून, जुळवून सपाट करतात. करायलाच हवी, नाहीतर हेडफोनवर नुसता गोंधळ. वर वारा. बीकेसीत वाऱ्याची झुळूक आली की गिटार अर्धी उडून जायची आणि परत यायची, आणि बास ड्रम मात्र कानात नाही, बरगडीत.

म्हणजे खरं सांगायचं तर तीन गिटारींमध्ये कोण काय वाजवतोय हे मला शोमध्ये धड कळलं नाही. ते कळायला अल्बमच लागतो. ज्यांना "लाईव्ह हेच खरं" म्हणायची खोड आहे त्यांनी हे एकदा कबूल करावं.

उलटं उदाहरण 'फिअर ऑफ द डार्क'. 1992 चं स्टुडिओ व्हर्जन पहिल्यांदा ऐकणारी आजची पोरं विचारतात, "यात ते ओ-ओ-ओ कुठे गेलं?" अरे ते मूळ गाण्यात नव्हतंच! ती गिटारची धून आहे, पब्लिकने गायला घेतली आणि आपलीच करून टाकली, आता पब्लिकशिवाय ते गाणं लग्नघरातली पाहुणे गेल्यानंतरची खोली वाटतं. हे लाईव्ह अल्बम तुम्हाला ऐकवू शकतो. पण ते गाणं आपण स्वतः गाताना ब्रूसचा आवाज अजिबात ऐकू येत नाही, फक्त स्वतःचा आणि शेजाऱ्याचा बेसूर, हे कुठला अल्बम ऐकवणार?

सवाईला पहाटेपर्यंत बसलेल्या आणि नंतर त्याच गायकाची सीडी घेतलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. मेटलवाल्यांनाच का सांगावं लागतं देव जाणे.

अजून एक बारीकसारीक. मेडनचा शो सुरू व्हायच्या आधी मैदानातल्या स्पीकरवर यूएफओ या बँडचं 'डॉक्टर डॉक्टर' लावतात, ते लागलं की जुनी मंडळी बिअरची रांग सोडून पळत सुटतात. माझ्याकडच्या एकाही लाईव्ह अल्बममध्ये ते नाही. आणि फोनवर शूट केलेल्या क्लिपा, त्या दोन्हीत बसत नाहीत, त्यात ना अल्बमची सफाई ना मैदानातला धक्का, वर मागच्या माणसाला स्टेज दिसत नाही ते वेगळंच. हात खाली घ्या राव.

माझी आवड विचाराल तर 'द क्लॅन्समन' आणि 'साइन ऑफ द क्रॉस', ही ब्रूस बँडमध्ये नसताना गाणाऱ्या ब्लेझच्या काळातली दोन गाणी, मी फक्त 'रॉक इन रिओ'मध्ये ऐकतो, ब्रूसच्या आवाजात, आणि ब्लेझच्या भक्तांनी मला शिव्या घातल्या तरी चालतील. 'एसेस हाय' मात्र मुंबईचंच. त्या रात्री सोबत आलेला माझा मित्र त्या ट्रॅकमध्ये एका ठिकाणी दरवेळी थांबवतो आणि म्हणतो, ही शिट्टी माझी. मी शंभर वेळा ऐकलंय, मला तिथे शिट्टीच ऐकू येत नाही.