शिवनेरीच्या माथ्यावर पाणी टिकतं कसं?

वेढा पडला तर धान्याच्या जोरावर गड सहा महिनेही तग धरतो. पाणी आटलं की मात्र आठवडाभरात दरवाजा उघडावा लागतो. शिवनेरी समुद्रसपाटीपासून सुमारे 3,500 फुटांवर. पायथ्याचं जुन्नर सह्याद्रीच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत. पश्चिमेला नाणेघाटाच्या कड्यावर आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो आणि जुन्नरला पोहोचेपर्यंत त्याचा जोर ओसरतो. तरीही गडावरच्या गंगा-जमुना टाक्यांत बारा महिने पाणी असतं.

याचं उत्तर दगडात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भेगांतून लाव्हा उसळला, पसरला, थिजला आणि त्यावर पुन्हा नवा लाव्हा आला. असे थर एकावर एक चढत गेले, पण सगळे सारखे झाले नाहीत. काही थर घट्ट काळ्या कातळाचे आहेत. थंड होताना आकसल्यामुळे त्यांना उभ्या भेगा पडल्या. म्हणून हा कातळ ढासळतो तोही उभाच आणि मागे सरळसोट कडा राहतो. काही थरांत वायूचे बुडबुडे अडकले. त्या पोकळ्यांत नंतर झिओलाइटची पांढरी खनिजं भरली. हा दगड तुलनेने मऊ, लवकर झिजणारा. काही थरांच्या मध्ये लाल मातीचा पट्टा सापडतो. पावसाचं पाणी उभ्या भेगांतून खाली उतरतं, लाल पट्ट्याशी किंवा भेगा नसलेल्या कातळाशी अडतं आणि आडवं सरकत कड्यातून पाझरतं. जो थर शत्रूला अडवतो, त्याच्याच भेगा पाणी जिरवतात. सह्याद्रीतल्या कित्येक गडांची तटबंदी निम्मी निसर्गानेच बांधून ठेवलेली आहे.

हा पाझर हेरून दगडात टाकं खोदायचं कसब यादवांच्याही आधीचं. सातवाहन काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून माल नाणेघाट चढून जुन्नरला यायचा. त्या पैशातून गावाभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी-कोरीवकामं झाली. शिवनेरीच्या कड्यातही भिक्षूंचे विहार आहेत. इथल्या शिलालेखांमधलं दान पाहावं. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, सात खोल्यांचं लेणं आणि एक पोढी, म्हणजे पाण्याचं टाकं, दिलं. इरिल नावाच्या एका यवनाने, म्हणजे त्या काळच्या भाषेत ग्रीक किंवा पश्चिमेकडच्या परदेशी माणसाने, दोन पोढी दिल्या. परदेशातून आलेला माणूसही पुण्य जोडायचं तर पाण्यावर खर्च करत होता, हे वाचून मला या गावाबद्दल फार माया वाटते.

पुढे यादव, बहमनी, निजामशाही, मुघल अशा सत्ता बदलत गेल्या. गडावर दरवाजे, अंबरखाना (धान्याचं कोठार), मशीद, तट उभे राहिले. बहमनी काळात, 1470 च्या आसपास, अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी जुन्नरला पावसाळ्यात अडकला होता. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असं त्याने लिहून ठेवलंय. आणि खडकावरच्या ठाण्याची वाट इतकी अरुंद की दोन माणसं शेजारून चढू शकत नाहीत, असंही. भूगर्भशास्त्र न शिकता त्याने कडा आणि पाऊस या दोन्ही गोष्टी अचूक टिपल्या.

बहमनी सरदार मलिक अहमदने इथूनच निजामशाहीचा डाव मांडला आणि मग अहमदनगर वसवलं. 1630 मध्ये शिवराय इथे जन्मले. पण मोठेपणी त्यांना हा गड स्वराज्यात आणता आला नाही. त्यांनी 1657 मध्ये जुन्नरची पेठ लुटली. गडाने मात्र दाद दिली नाही. शिवनेरी मराठ्यांकडे आली ती शाहू महाराजांच्या काळात. किल्लेदार, शिबंदी, दारूगोळा यांचा वाटा त्यात आहेच, पण आत पाण्याची ददात नसलेला गड उपाशी-तहानेला ठेवून घेणं अवघड, हेही धरायला हवं.

2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत शिवनेरी आहे. आता गर्दी वाढेल. तटाचे चिरे पुन्हा बसवता येतात; टाक्यात गाळ आणि प्लास्टिक साचलं, किंवा वरचा माथा फरशीने बंद झाला, तर मुरणारं पाणीच कमी होतं. डागडुजीच्या आराखड्यात बुरुजांच्या आधी पाझराच्या जागा नोंदल्या गेल्या पाहिजेत.

गावाच्या बाजूने साखळीची वाट चढलात तर लेणी आणि टाकी वाटेतच भेटतात. तिथे थांबून कड्याचा दगड जवळून बघा: पांढरे ठिपके कुठे संपतात आणि घट्ट काळा कातळ कुठे सुरू होतो, ते नुसत्या डोळ्यांनी दिसतं.