परकीय भाषेच्या अभ्यासक्रमाचे मिश्र अध्ययनात रूपांतर

विद्यापीठात वर्गात शिकवला जाणारा परकीय भाषेचा अभ्यासक्रम काही वर्गात, काही ऑनलाइन अशा रीतीने नव्याने बांधण्याची प्रक्रिया. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या मसुद्यात अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन घेण्याची मुभा सुचवली होती. मुंबईत हा विषय जर्मन, फ्रेंच, रशियन असे विभाग असलेल्या मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलापुरता नाही. पदवी महाविद्यालयांतही या भाषा शिकवल्या जातात.

सुरुवात वजाबाकीने होते. चार श्रेयांक म्हणजे ६० तास. त्यांतले २४ ऑनलाइन गेले की वर्गाला ३६ उरतात. पंधरा आठवड्यांच्या सत्रात ही आठवड्याला ४८ मिनिटांची तीन लेक्चरे आणि सुमारे दीड तासाचे ऑनलाइन काम होते. बहुतेक प्रयोग इथेच फसतात: वर्गाचे तास तसेच ठेवून ऑनलाइन काम वर चढवले जाते आणि चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून विद्यार्थी ते सोडून देतात.

ज्याला समोर माणूस लागत नाही ते बाहेर न्यावे: व्याकरणाची ८-१० मिनिटांची चित्रफीत, शब्दसंग्रह, पुन्हा पुन्हा ऐकण्याच्या ध्वनिफिती. संवाद, उच्चारदुरुस्ती आणि लेखन वर्गात. ए१ या अगदी सुरुवातीच्या पातळीवर स्पष्टीकरण मराठीत दिलेले बरे. मराठीतही तीन लिंगे असल्याने जर्मनमधली तीन लिंगे मराठी विद्यार्थ्याला चटकन पटतात, पण ती जुळतीलच असे नाही. आपला सूर्य पुल्लिंगी, जर्मन ‘झोने’ स्त्रीलिंगी. ‘मेट्शन’ म्हणजे मुलगी, तर चक्क नपुंसकलिंगी. असे शब्द चित्रफितीनंतरच्या ऑनलाइन चाचणीत मुद्दाम घालावेत.

चाचणी लेक्चरच्या आदल्या रात्री बंद करावी आणि सर्वाधिक चुकलेल्या प्रश्नापासून वर्ग सुरू करावा. चित्रफीत न पाहिलेल्यांसाठी तोच धडा पुन्हा शिकवला, तर पुढच्या आठवड्यात ती कुणीच पाहत नाही. मूडल या ऑनलाइन अध्यापन प्रणालीवरील लघुत्तरी प्रश्नात लहान-मोठ्या अक्षरांचा फरक धरण्याचा पर्याय सुरू करावा लागतो, नाहीतर मोठ्या अक्षराने सुरू व्हायला हवे ते जर्मन नाम लहान अक्षराने लिहिले तरी बरोबर ठरते. उम्लाउटच्या, म्हणजे वर दोन टिंबे असलेल्या ‘ü’च्या जागी ‘यूई’ (ue) ही दोन अक्षरे टंकणाऱ्यांसाठी तेही उत्तर यादीत घालावे, एरवी कळफलकापायी गुण जातात.

विरार-कल्याणहून लोकलने येणारे विद्यार्थी गाडीत ऐकू शकतात, बोलू शकत नाहीत. म्हणून ध्वनिफीत डाउनलोड होणारी असावी. ६४ केबीपीएसची तीन मिनिटांची फीत दीड एमबीच्या आतच राहते. आवाज नोंदवण्याच्या कामाला रविवारपर्यंत मुदत द्यावी. छोट्या घरात एकांत मिळत नाही, तेव्हा महाविद्यालयातली एखादी रिकामी खोली त्यासाठी ठरावीक वेळी खुली ठेवावी.

घरून आलेले लेखन यंत्रभाषांतर असण्याची शक्यता धरूनच गुणदान आखावे लागते. निबंधाचा कच्चा मसुदा वर्गात १५ मिनिटांत हाताने लिहून घ्यावा, सुधारित प्रत ऑनलाइन घ्यावी आणि तोंडी परीक्षेत त्यातल्याच दोन वाक्यांवर प्रश्न विचारावेत.