इंजिनिअरिंग ॲडमिशन: ऑटोनॉमस, डीम्ड, प्रायव्हेट युनिव्हर्सिटी म्हणजे काय, फॉर्म कुठे भरायचा, कागदपत्रं कोणती

कॉलेज चांगलं आहे का हे नंतर बघा, आधी ते सीईटी सेलच्या (राज्याची सीईटी ही प्रवेश परीक्षा घेणारा विभाग) कॅप राउंडमध्ये, म्हणजे राज्याच्या एकत्रित ॲडमिशन प्रक्रियेत, येतं का ते बघा, कारण फी आणि स्कॉलरशिप बरीचशी त्यावरच ठरते.

सरकारी, अनुदानित आणि विनाअनुदानित कॉलेजं बहुतेक जागा कॅपमधून भरतात. विनाअनुदानितची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. ऑटोनॉमस म्हणजे प्रायव्हेट युनिव्हर्सिटी नव्हे हं, हा गोंधळ फार जणांचा होतो. सिलॅबस आणि परीक्षा कॉलेजची पण डिग्री कॉलेज ज्याला जोडलेलं आहे त्या मूळ विद्यापीठाचीच मिळते.

डीम्ड म्हणजे यूजीसी कायदा १९५६ च्या कलम ३ खाली दर्जा मिळालेली संस्था, आणि प्रायव्हेट युनिव्हर्सिटी राज्याच्या कायद्याने उभी राहते. दोन्ही स्वतःची डिग्री देतात आणि बहुतेक ठिकाणी ॲडमिशनही त्यांच्याकडेच थेट होते, कधीकधी सीईटीचा स्कोअर घेतात पण तेवढ्याने ते कॅप होत नाही. नावावरूनही ठरवू नका, मुंबईची आयसीटी (केमिकल टेक्नॉलॉजीची संस्था) डीम्ड आहे आणि पुण्याचं सीओईपी (जुनं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज) २०२२ पासून विद्यापीठ झालंय, तरी दोन्हीकडे कॅपमधून ॲडमिशन होते.

पात्रता: बारावीला फिजिक्स, मॅथ्स आणि ठरलेल्यापैकी तिसरा विषय, मिळून ४५ टक्के, महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गाला ४० टक्के. शिवाय राज्याच्या कोट्यातल्या जागांसाठी एमएचटी-सीईटी दिलेली हवी.

कागदपत्रं: दहावी-बारावीची मार्कशीट, सीईटी स्कोअरकार्ड, एलसी, डोमिसाइल, आधार. राखीव जागा हवी असेल तर जातीचा दाखला आणि व्हॅलिडिटी (जात पडताळणीचं प्रमाणपत्र), ओबीसी वगैरेंना वरून नॉन-क्रिमिलेयर (उत्पन्न मर्यादेत असल्याचा) दाखला, तोही पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालू असलेला. ईडब्ल्यूएसला (खुल्या गटातले आर्थिक दुर्बल) तहसीलचा दाखला. व्हॅलिडिटीला खूप वेळ लागतो म्हणून अकरावीतच अर्ज टाका, मुलाचे मार्क असूनही फक्त या एका कागदापायी राखीव जागा जाते हे बघून खरंच वाईट वाटतं.

मग सीईटी सेलच्या वेबसाइटवर रजिस्ट्रेशन, कागदपत्रांची तपासणी, तात्पुरती मेरिट लिस्ट (चूक दिसली तर तेव्हाच तक्रार करायची), फायनल लिस्ट, ऑप्शन फॉर्म (हव्या त्या कॉलेजांची पसंतीक्रमाने यादी). पहिल्या राउंडला पहिलाच ऑप्शन मिळाला तर सीट आपोआप फ्रीझ होते, म्हणजे पुढच्या राउंडला बदलता येत नाही, त्यामुळे जिथे खरंच शिकायचंय तेच कॉलेज एक नंबरला टाका.

आणि मुलींच्या पालकांनी हे नक्की वाचा. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी (मराठा समाजाचा प्रवर्ग), ओबीसी मुलींना घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण कॅपमधून ॲडमिशन असेल तरच. मॅनेजमेंट कोटा (कॉलेज स्वतः भरतं त्या जागा) किंवा प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत ही फीमाफी मिळत नाही, त्यामुळे काउंटरवर कोणी "स्कॉलरशिप बसते" म्हणालं तर कुठल्या योजनेची ते लेखी मागा आणि मगच पैसे भरा.