हायस्कूलमधला उपरा (कादंबरीप्रकार)

रोज शाळेत जाऊनही शाळेचा न झालेला मुलगा किंवा मुलगी जिच्या केंद्रस्थानी असते, अशी वयात येण्याची कादंबरी. हा प्रकार फोफावला अमेरिकेत. जे. डी. सॅलिंजर यांची ‘द कॅचर इन द राय’ (१९५१) आणि एस. ई. हिंटन यांनी स्वतः शाळकरी वयात लिहिलेली ‘दि आउटसायडर्स’ (१९६७) ही त्याची ठळक उदाहरणे. तिथला उपरा पैशामुळे, पोरांच्या टोळ्यांमुळे किंवा मोठ्यांच्या खोटेपणाचा वीट आल्याने बाजूला पडतो.

कोकणात हायस्कूल हेच अनेकांचे पहिले परगाव असे. गावची शाळा सातवीला संपली की तालुक्याला नातेवाइकांच्या पडवीत पथारी. वडील मुंबईत चाकरमानी, फी मनीऑर्डरच्या भरवशावर. घरी मालवणी बोलणाऱ्या मुलाने निबंधात ‘खंय’ लिहिले की मास्तर लाल शाईने त्याचे ‘कुठे’ करीत आणि वर्ग हसे. (हसणाऱ्यांतले निम्मे घरी ‘खंय’च म्हणत.)

या अनुभवाच्या सर्वांत जवळ जाते ते साने गुरुजींचे, नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेले ‘श्यामची आई’. पुस्तक आईचे आहे, हायस्कूलचे नव्हे, हे खरे. पण पालगडचा श्याम दापोलीला इंग्रजी शाळेत शिकतो, खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतो आणि गणपतीला घरी निघतो. पाऊस कोसळतोय, वाटेतला पऱ्ह्या, म्हणजे ओढा, दुथडी भरलेला. तो ओलांडून कोट घरी पोचतो. सॅलिंजरचा होल्डन शाळा सोडतो तो न्यूयॉर्कच्या हॉटेलांत भटकायला, घरी जाणे टाळत. श्यामचे पाय घराकडेच वळतात. त्याच्याजवळ बंड नाही, नुसती ओढ आहे, आणि म्हणूनच तो या प्रकारात अर्धाच बसतो.

कोकणातल्या पुढच्या मराठी कादंबरीने उपरा रंगवला, पण वर्गाबाहेरचा: श्री. ना. पेंडसे यांच्या ‘गारंबीचा बापू’मधला (१९५२) बापू गावाशी भांडतो, फळ्याशी नाही. नववीचा वर्गच कथानक झाला तो मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’मध्ये (२००४). काळ आणीबाणीचा, मात्र त्यातल्या मुकुंदला जिवाभावाचे टोळके आहे, त्याला उपरा म्हणणे ओढूनताणून होईल.

वर्गातला खरा उपरा शोधायचा तर कादंबरी सोडून आत्मकथनाकडे जावे लागते. उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) रत्नागिरीतले शाळकरी दिवस आहेत. तिथे वेगळे पडणे स्वभावातून येत नाही, जातीतून येते. घरी आई बांबूच्या कांबट्यांची आयदाने, म्हणजे सुपे-टोपल्या, विणत असते, आणि त्या विकून घर चालते.