सार्वजनिक क्रीडा व मनोरंजन कार्यक्रम : निधी आणि मनुष्यबळ

शहराची नागरी संस्था रहिवाशांसाठी पोहण्याचे वर्ग, मैदानी खेळांचे प्रशिक्षण, सुट्टीतील शिबिरे, ज्येष्ठांचे व्यायामवर्ग, हौशी संघांच्या स्पर्धा असे जे उपक्रम चालवते, त्यांच्या खर्चाची आणि माणसांची तजवीज. तलाव किंवा क्रीडागृह बांधायला पैसा मिळतो, कारण त्याची कोनशिला बसवता येते. तोच तलाव दहाव्या वर्षी सकाळी सहाला वेळेवर उघडायचा, तर त्यासाठी दरवर्षी वीज, पाणी, रसायने आणि मुख्यतः पगार लागतात. या सेवेत पगार व मानधन हाच सर्वांत मोठा खर्च असतो.

अमेरिकेतील बोस्टन येथे १८८५ मध्ये मुलांना खेळायला वाळूचे ढीग टाकले गेले, ते धर्मादाय पैशातून. अशा उपक्रमांचा भार पुढे हळूहळू नगर प्रशासनांनी उचलला. करावर अवलंबून राहण्यातला धोका कॅलिफोर्नियात दिसला. तेथे १९७८ मध्ये जनमताने मालमत्ता कर मूल्यांकनाच्या १ टक्क्यावर रोखला गेला आणि स्थानिक संस्था मनोरंजन सेवांसाठी अधिकाधिक शुल्काकडे वळल्या.

उत्पन्नाचे मार्ग ठरलेले आहेत : सर्वसाधारण कर, शुल्क, जागेचे भाडे, वरिष्ठ शासनाचे अनुदान, देणगी व प्रायोजकत्व. यात पथ्य एकच. एकदाच मिळणारा पैसा एकदाच होणाऱ्या खर्चावर लावावा. तीन वर्षांच्या अनुदानातून प्रशिक्षक नेमले की चौथ्या वर्षी वर्ग बंद करावा लागतो किंवा दुसऱ्या लेखाशीर्षातून (अंदाजपत्रकात दुसऱ्या कामासाठी ठेवलेल्या रकमेतून) पैसा ओढावा लागतो. देणगीदाराने इमारत देऊ केली, तर ती स्वीकारण्याआधी दहा वर्षांचा चालवण्याचा खर्च मांडून पाहावा. हे बहुधा कोणी करत नाही.

शुल्क ठरवताना लाभ कोणाला होतो ते पाहतात. लहान मुलांना पोहायला शिकवण्यात साऱ्या समाजाचा लाभ आहे, म्हणून तो खर्च मुख्यतः करातून भागवावा. प्रौढांच्या वैयक्तिक प्रशिक्षणाचा पूर्ण खर्च, वर थोडा वाढावा धरून, घेणाऱ्याकडूनच वसूल करावा. थेट खर्च (मानधन, साहित्य) आणि अप्रत्यक्ष खर्च (वीज, लेखा विभाग, देखभाल) वेगळे मांडल्याशिवाय हे ठरत नाही. समजा, वर्गात २० जागा आहेत आणि १२ जणांच्या शुल्कात थेट खर्च निघतो. मग किमान संख्या १२. वर्ग रद्द करण्याचा निर्णय सुरू होण्याच्या दोन-तीन दिवस आधी घ्यावा. दोन आठवडे आधी घेतला, तर शेवटच्या आठवड्यात नाव नोंदवणारे हातचे जातात. वर्ग पूर्ण मोफत ठेवला की नावे भरतात, हजेरी भरत नाही. नाममात्र शुल्क आणि त्यातून माफी हा मार्ग बरा. माफीसाठी चार दाखले मागितले, तर ज्यांच्यासाठी ती आहे तेच फिरकत नाहीत. जमा शुल्क सरसकट तिजोरीत गेले, तर चांगला वर्ग वाढवायला विभागाच्या हाती काही उरत नाही. म्हणून शुल्काच्या रकमेतूनच पुढचा खर्च करू देणारा फिरता निधी नियमाने मंजूर करून घेतात.

मनुष्यबळाची खरी चूक मोजणीत होते. तलावावरची जीवरक्षकाची एक खुर्ची रोज १४ तास, आठवड्याचे सातही दिवस भरलेली ठेवायची, तर ९८ तास होतात. माणूस आठवड्याला ४० तास काम करतो, म्हणजे एका खुर्चीला २.४५ माणसे. रजा, आजारपण, प्रशिक्षण वजा जाता वर्षाच्या ५२ पैकी ४४ आठवडेच तो हाती लागतो असे धरले, तर आकडा २.९ होतो. लक्ष शिणते म्हणून दर २० ते ३० मिनिटांनी खुर्ची बदलावी लागते. तेव्हा दोन खुर्च्या चालवायला एका वेळी तीन माणसे, म्हणजे एकूण नऊ जण लागतात. मंजुरी मात्र ‘दोन खुर्च्या, दोन पाळ्या’ म्हणून चौघांची असते. शिवाय उघडण्यापूर्वी पाण्याचा सामू म्हणजे पीएच (७.२ ते ७.८) आणि मुक्त क्लोरीन (जंतू मारायला शिल्लक असलेला) तपासण्याचा अर्धा तास कोणत्याच पाळीत धरलेला नसतो. मग खुर्चीवरचाच जीवरक्षक पाणी तपासतो, तिकीटही फाडतो, आणि तेवढा वेळ पाण्याकडे कोणाचेच डोळे नसतात. माणसे कमी असतील, तर तास कमी करावेत. खुर्ची रिकामी ठेवू नये.

हंगामी भरती उलटी मोजावी. तलाव उघडण्याआधी दोन आठवडे प्रशिक्षण, त्याआधी सहा आठवडे पूर्वचारित्र्य पडताळणी व वैद्यकीय तपासणी, त्याहीआधी पोहण्याची चाचणी. म्हणजे अर्ज आणि चाचणीचा वेळ धरून जाहिरात चार महिने आधी निघायला हवी. चाचणी नेमणुकीपूर्वीच घ्यावी. हंगामी उमेदवार बहुतांशी विद्यार्थी असतात आणि परीक्षा किंवा महाविद्यालय सुरू झाले की हंगाम संपण्याआधीच निघून जातात. शेवटच्या दिवसापर्यंत थांबणाऱ्याला अखेरीस जादा रक्कम देणे यावर लागू पडते. गेल्या वर्षीच्यांना जाहिरातीआधी बोलावणे ही तर सर्वांत स्वस्त भरती.

प्रशिक्षकांना ठरावीक मानधन किंवा शुल्कातला वाटा देतात. वाट्याच्या पद्धतीत रिकाम्या वर्गाचा तोटा प्रशिक्षकही सोसतो, म्हणून तो स्वतः माणसे जमवतो. पण वेळ, जागा, पद्धत सारे संस्थाच ठरवत असेल, तर कायद्याच्या नजरेत तो ठेकेदार न राहता कर्मचारी ठरू शकतो. करारात ही बाजू आणि विमा आधी पाहावा.

स्वयंसेवक फुकट पडत नाहीत. पडताळणी, प्रशिक्षण, विमा आणि त्यांच्या पाळ्या लावणारा एक पगारी समन्वयक लागतोच. मुलांच्या वर्गात कोणीही प्रौढ, पगारी असो वा स्वयंसेवक, मुलाबरोबर एकटा नसावा; म्हणजे प्रत्येक वर्गाला दोन माणसे, आणि हा खर्च सुरुवातीपासून धरावा.

कपात आली की आधी प्रशिक्षण जाते, मग देखभाल, कारण दोन्हींचा परिणाम त्या वर्षी दिसत नाही. गाळणी पंपाचे तेलपाणी दोन वर्षे टाळले की तिसऱ्या वर्षी तो ऐन हंगामात बंद पडतो. दुरुस्ती होईपर्यंत शुल्क परत करावे लागते आणि पगार चालूच राहतात. त्यापेक्षा तासागणिक हजेरीपट ठेवावा आणि दुपारचे ओस तास बंद करावेत. नुसती नावनोंदणी पाहून हे तास सापडत नाहीत.