लोकलच्या ठिणगीने मोजलेली गच्ची

मुंबईत रुळांजवळ रेडिओ लावला की लोकल जाताना खरखर वाढते. २५ किलोव्होल्टच्या तारेपासून पॅन्टोग्राफ (गाडीच्या टपावरचा, वीज घेणारा सांगाडा) क्षणभर सुटला की ठिणगी पडते, आणि तिच्यात असंख्य फ्रिक्वेन्सी एकदम असतात. नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला असली खरखर नकोशी. पण दोन जागी एकाच वेळी नोंदवली, तर लहर इथून तिथे किती वेळात पोचते, हे ट्रान्समीटर न लावता कळतं.

दादरला रुळांना समांतर लांबलचक गच्ची धरू. दोन टोकांना अँटेना, मधलं अंतर ९० मीटर, म्हणजे लहरीला ३०० नॅनोसेकंद. दोन्ही नोंदी एकमेकींवर सरकवत गुणायच्या आणि बेरीज करायची. जुळतील तिथे शिखर येतं.

लोकल दूर उत्तरेला असताना दोन अँटेनांवर खरखर पोचण्याच्या वेळेतला फरक ३०० नॅनोसेकंद, समोर आली की शून्य, दक्षिणेला गेली की उणे ३००. समोरून जाताना हा फरक झरझर बदलतो, टोकांकडे जवळजवळ थबकतो. म्हणून मधली बेरीज पसरून जाते आणि दोन टोकांना ढीग साचतो. ते ढीग जिथे साचतात, तेच गच्चीचं माप. हीच गच्ची माहीमच्या किनाऱ्यावर पूर्व-पश्चिम असती, तर समुद्राकडून खरखर जेमतेम येणार आणि एक शिखर लंगडं पडणार. शेजारच्या टॉवरवरून परतणाऱ्या लहरीही हव्या असतील, तर खरखर चहूबाजूंनी यायला हवी.

रिसीव्हर दोन चॅनलचा, दोन्हींना एकच क्लॉक. वेगळे क्लॉक घेतले आणि त्यांत दशलक्षात एक भागाचा फरक असला, तर सेकंदाभरात १ मायक्रोसेकंदाची चूक, म्हणजे ३०० मीटर! बँडविड्थ, म्हणजे एकदम नोंदवायच्या फ्रिक्वेन्सींचा पट्टा, २० मेगाहर्ट्झ घ्यावी. शिखराची रुंदी १५ मीटरच्या आसपास राहते. २.४ मेगाहर्ट्झच्या स्वस्त डाँगलने (यूएसबीवर लावायच्या छोट्या रिसीव्हरने) ती १२५ मीटर होते, म्हणजे गच्चीपेक्षा मोठी. रेडिओ केंद्र नसलेला पट्टा निवडावा. एखादी जोरदार ठिणगी सगळी बेरीज गिळू नये म्हणून प्रत्येक नमुन्याचं फक्त अधिक-उणे चिन्ह ठेवावं.

केबल सारख्याच लांबीच्या हव्यात. साध्या कोॲक्समध्ये, म्हणजे अँटेनाच्या नेहमीच्या केबलमध्ये, लहर नॅनोसेकंदाला २० सेंटिमीटरच जाते. १० मीटरचा फरक राहिला तर शिखर ५० नॅनोसेकंद सरकतं.

शून्यावर टोकदार शिखर दिसलं तर हुरळून जाऊ नये. बहुधा तो लॅपटॉपच्या चार्जरचा प्रताप. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, अँटेना काढून दोन्हीकडे ५० ओहमचे टर्मिनेटर (अँटेनाच्या जागी बसणारे रोधक) लावा. तरीही शिखर उरलं, तर ते रिसीव्हरच्या पोटातलंच.