पैसे फिटले, तरी सातबाऱ्यावर बोजा का?

कोर्टाच्या हुकूमनाम्याचे पैसे फेडले की सातबाऱ्यावरचा बोजा, म्हणजे त्या देण्याची जमिनीवरची नोंद, आपोआप उतरतो, हा समज रत्नागिरी-सिंधुदुर्गात घरोघरी आहे. तसं होत नाही. पैसे कोर्टाबाहेर दिले असतील तर नुसती पावती दरखास्तीत, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या कामात, चालत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21, नियम 2 खाली फेड कोर्टात नोंदवावी लागते. पैसे घेणारा ही नोंद करायला टाळाटाळ करत असेल तर अर्ज आपणच करायचा, तोही पैसे दिल्यापासून 30 दिवसांत. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. पुढे फेड नोंदवल्याच्या कोर्टाच्या आदेशाची सर्टिफाईड नक्कल तलाठ्याकडे, फेरफार (सातबाऱ्यातल्या बदलाची नोंद), हरकतींचे 15 दिवस, मग मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. आंब्याच्या कलमांची बाग विकायची असेल तर प्रत्येक पोटहिश्शाच्या उताऱ्यावरचा 'इतर हक्क' हा रकाना वेगळा तपासा, बोजा तिथेच लिहिलेला असतो. एकावरून बोजा उतरतो, शेजारच्यावर तसाच राहतो.